पावमामाचं आमेन

आमच्या बेकरीत घड्याळ नाही. एकेकाळी होतं. वडिलांनी मोठ्या हौसेनं आणून भट्टीच्या वरच्या भिंतीवर टांगलं होतं. पण खालून वाफ आणि चहूकडून पीठ, बिचाऱ्यानं किती सोसायचं? थोड्याच दिवसांत त्याचे काटे एकमेकांना असे चिकटले, जसे काही नवे नवरा-बायको. वडील म्हणाले, "राहू दे. ज्यानं वेळ केली त्यालाच विचारू." तेव्हापासून आमची भट्टी प्रार्थनेवर चालते.

म्हणजे कसं, ते सांगते. पहाटे पिठाचे आंबलेले गोळे पत्र्यांवर मांडायचे, ते पत्रे लांब दांड्याच्या फळीनं भट्टीत सरकवायचे आणि लोखंडी दार लावायचं. मग डोक्यावरची टोपी काढून भट्टीसमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि सकाळची प्रार्थना म्हणायची. आधी प्रभूची प्रार्थना. मग घरातली माणसं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग गल्लीतले आजारी. मग गल्लीतले भांडणारे. मग जे देवाघरी गेले त्यांच्याबद्दल उपकार. मग आमेन. आमेन म्हटलं की दार ओढायचं, आणि पाव बघावेत तर नुकत्याच न्हाऊन आलेल्या बाळासारखे, गुबगुबीत आणि तांबूस. त्याच्या आधी दाराला हात लावायचा नाही, हा वडिलांचा एकच नियम. आईनं तो मोडला नाही, मी मोडला नाही.

वडिलांच्या मागे भट्टी माझ्या धाकट्या भावाकडे आली. गल्ली त्याला पावमामा म्हणते. माझ्या नातवंडांचा तो आजोबा लागतो, पण तीही मामाच म्हणतात, म्हणून मीही इथं मामाच लिहिते. मी त्याच्या दुकानात गल्ल्यावर बसते. धनी गेल्यापासून मागच्या खोलीत राहते आणि दुपारची बिस्किटं भाजते. पाव मात्र त्याचेच.

मामा उंच, हडकुळा, भुवयांवर कायम पीठ. बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मामा, आज गरम आहेत ना?" की याची मान खाली-वर. "मामा, उद्या जास्त ठेवाल ना?" की मान खाली-वर. दिवसाचं सगळं बोलणं तो सकाळच्या प्रार्थनेसाठी साठवून ठेवायचा, आणि तिथे मात्र आवाज असा लावायचा की भट्टीच्या धडधडीवरून खिडकीबाहेर पोचावा. बाहेर पावासाठी उभी राहिलेली माणसं ऐकत असायची. गल्लीत कोणाला ताप आहे, कोणाचा पाय मुरगळलाय, कोणाचं कोणाशी वाजलंय, सगळी बातमी पावाबरोबर फुकट.

शेजारची शिवणवाली एकदा तणतणत आली. "मामा, मला त्या भांडणाऱ्यांतून काढा. आमचं मिटलंय."

मामानं भुवया वर केल्या.

"म्हणजे मी जावेशी बोलतच नाही आता. मग भांडण कसलं?"

मामाची मान डावी-उजवी. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणवाली आणि तिची जाऊ, दोघी होत्या तिथेच. मला वाटतं थोड्या जास्त वेळच होत्या.

आणि गंमत बघा, प्रार्थना कधी लांबली नाही की आखडली नाही. सुताराचा ताप उतरला की न्हाव्याच्या पोराला गोवर. एका घरचा अबोला सुटला की दुसऱ्या घरी भांडी आपटली. आमच्या गल्लीनं पाव कधी कच्चा राहू दिला नाही, हे तिचे उपकार मानायलाच हवेत.

एक गोष्ट सांगायची राहिली. मामाच्या नाकाला वास येत नाही. इतकी वर्षं पिठात वावरून ते कधीच कामातून गेलं. त्याला फूल आणि फिनाइल सारखंच. त्यामुळे डोळे मिटले की पाव कुठवर आलाय हे त्याला फक्त प्रार्थनेवरूनच कळतं.

आता मामी. मामाची बायको, माझी भावजय. मामाच्या वाटणीचं बोलणंही देवानं तिलाच दिलं होतं. ती राहते वरच्या मजल्यावर, पण तिचा तोंडाचा पट्टा जिन्यावरून खाली, बेकरीतून बाहेर आणि गल्लीच्या टोकापर्यंत. "अहो, पीठ झाडून मग वर या! अहो, ती बादली काय शोभेला ठेवलीय? अहो, वन्सं हाका मारतायत, कानात कणीक घातलीय का?" तिची प्रार्थना अंथरुणातच व्हायची. मी एकदा म्हटलं, अगं, उठून तरी बस. तर म्हणते, "वन्सं, देवाला पांघरुणातून ऐकू येतं. तुमच्या भावाला समोर उभं राहूनही येत नाही."

या मामीच्या घशात गाठ झाली. कापून काढावी लागली. डॉक्टरबाई भली होती, हात धरून म्हणाली, "गाठ साधी होती, जिवाला काही धोका नाही. आवाजाचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही. येईल, नाहीतर नाही."

मामी घरी आली ती गळ्याला पट्टी बांधून, मुकी. घर असं शांत झालं की जिन्यावरची मांजर घाबरून निघून गेली. गल्लीतले पुरुष तोंडातल्या तोंडात हसायचे. रंगारी तर उघडच म्हणाला, "मामा, नशीब काढलंत हो!" मामानं आतून कालचा पाव आणला आणि रंगाऱ्याच्या हातात ठेवला. माझ्या भावाचा राग एवढाच असतो, पण ज्याला मिळतो त्याला कळतो.

त्या दिवसांत सकाळच्या प्रार्थनेत एकच ओळ वाढली. आजाऱ्यांपाशी आला की तो थांबायचा आणि म्हणायचा, "देवबापा, हिचा आवाज." बास. पुढं त्याला शब्द सुचायचा नाही. रोज तेवढंच. पावाला त्याचा काही पत्ताही लागला नाही.

मग एका दुपारी मी बिस्किटांना बदामी रंग येतोय का बघत होते, आणि वर काहीतरी गंजलेली कडी काढल्यासारखं कर्रर्र झालं.

"पाय!"

मी वर बघितलं. पुन्हा आवाज, जरा मोठा.

"पाय पुसा!"

मग धप्पकन काहीतरी पडलं. मी जिना कशी चढले ते माझे गुडघेच जाणोत. वर बघते तर मामी हातात फडकं घेऊन उभी, समोर नुकती पुसलेली फरशी, फरशीवर पिठाच्या पावलांची रांग, आणि रांगेच्या शेवटी ओल्या फरशीवर फतकल मारून बसलेला माझा भाऊ. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

"ताई," तो म्हणाला, "ती ओरडली!"

"ओरडेन नाहीतर काय?" मामी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आता तिथलं कोण पुसणार?"

मी म्हटलं, मी पुसते, बाई, मी पुसते, तू बोल.

तर दुसऱ्या सकाळी भट्टीचं दार लागलं. मामानं टोपी काढली. प्रभूची प्रार्थना झाली, घरची माणसं झाली, आजारी झाले, भांडणारे झाले, गेलेले झाले. मी दार उघडल्यावर पाव घ्यायला टोपली धरून उभी. आणि मामानं मोठा श्वास घेतला.

"देवबापा, तू हिला आवाज दिलास, तुझे उपकार. ती 'पाय' म्हणाली, त्याबद्दल उपकार. 'पाय पुसा' म्हणाली, त्याबद्दल वेगळे उपकार. डॉक्टरबाईंच्या हातांबद्दल उपकार. ज्यांनी त्यांना ती विद्या शिकवली त्यांच्याबद्दल उपकार. डॉक्टरबाईंच्या आईबद्दल, तिनं त्यांना शाळेत घातलं म्हणून. त्यांच्या वडिलांबद्दल, त्यांनी नाही म्हटलं नाही म्हणून..."

दाराच्या फटीतून बारीक धूर येऊ लागला. मी खोकले. मामा तोवर डॉक्टरबाईंच्या आजीपर्यंत पोचला होता. मी जोरात खोकले. "ताईच्या खोकल्याला आराम दे," मामा म्हणाला आणि प्रार्थना पुढं चालू.

आमेन झालं, दार उघडलं. आत सगळं काळंकुट्ट.

पहिल्या दिवशी गल्ली हसली. मामीचा आवाज परत आला, एवढ्या आनंदात पाव करपला तर करपला. सुतार पाव वाजवून म्हणाला, "मामा, वरची बाजू शिसवीची केलीत वाटतं!" माणसं करपलेले पाव घेऊन गेली आणि घरोघरी सुरीनं खरवडत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीची सकाळ त्या आवाजानं उजाडायला लागली, खर्र खर्र खर्र.

मामी गप्प बसणारी का? करपल्याचा वास वर पोचला की जिन्यावरून सरबत्ती सुरू. "अहो, डोळे मिटता ते मिटता, अक्कलही मिटता का? अहो, कोळसेवाल्याचा धंदा काढलाय काय?" आणि इथंच सगळा घोळ. कारण ती जितकी ओरडे तितका हा सुखावे, आणि दुसऱ्या सकाळी ते सगळं प्रार्थनेत येई. "देवबापा, काल ती माझ्या अकलेबद्दल बोलली, उपकार. कोळसेवाला म्हणाली, उपकार. 'कोळसेवाला' म्हणताना आवाज फाटला नाही, विशेष उपकार." की पाव आणखी काळे. की मामी आणखी मोठ्यानं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते काय, हे आम्ही रोज सकाळी बघत होतो.

मी एक युक्ती केली. वेळ झाली तशी त्याच्या पाठीमागे जाऊन ठणठणीत आवाजात म्हटलं, "आमेन!" मामानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. "ताई, माझं अजून व्हायचंय."

मामीनं वरून गजराचं घड्याळ पाठवलं. ते मी पिठाच्या पोत्यावर ठेवलं. ऐन वेळी ते असं कोकललं की बाहेरची माणसं दचकली. मामा म्हणाला, "ज्यानं ही घंटा केली त्याच्याबद्दलही उपकार." आणि घंटेवाल्याच्या घरच्यांची विचारपूस सुरू.

शेवटी पाळकसाहेब आले. त्यांनाही सकाळी चहाबरोबर आमचाच पाव लागतो, म्हणजे प्रश्न त्यांच्याही पोटाचा. ते गोड आवाजात म्हणाले, "मामा, देव थोडक्यात म्हटलेलंही ऐकतो बरं."

मामानं मान खाली घातली. पण वरून, जिन्यातून, आवाज आला. "हे तुम्ही सांगताय, साहेब? रविवारी तुमचा उपदेश संपेपर्यंत माझं दूध दोनदा उतू जातं!"

पाळकसाहेब खो-खो हसले, एक काळा पाव घेतला आणि निघून गेले. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत. उपदेश मात्र थोडा आटोपशीर झाला, हा आमच्या भट्टीचा मंडळीला झालेला फायदा.

हसण्यावारी किती दिवस न्यायचं? वळणापलीकडे दुसरी बेकरी आहे, तिथे विजेची भट्टी आहे. वसतिगृहाचा आचारी हळूच तिकडे जायला लागला. मग न्हावी. शिवणवाली दोन्हीकडून घ्यायची आणि आमच्या पावाची पिशवी वर दिसेल अशी धरायची. तिचा तेवढा चांगुलपणा मला पुरला. पण टोपल्या भरलेल्या राहायला लागल्या, आणि वडिलांची भट्टी अशी हसत-हसत विझणार की काय, असं मला वाटायला लागलं.

एका दुपारी मी मामाला पोत्यावर बसवलं. शेजारी बसले.

"अरे, आटप ना थोडं. सगळं एका सकाळीच म्हणायचंय का?"

तो हाताला चिकटलेलं पीठ सोलत राहिला. मग बोलला. एका दमात एवढं बोलताना मी त्याला, भट्टीसमोर सोडून, कधी ऐकलं नव्हतं.

"ताई, मागताना मी रोज मागितलं. एकही दिवस चुकलो नाही. आता मिळालंय तर काय आटपून घेऊ? मला भीती वाटते. एखाद्या दिवशी उपकार कमी पडले, आणि त्यानं आवाज परत नेला तर?"

"अरे, देव काय आपल्यासारखा रुसून बसतो?"

"मला काय माहीत," मामा म्हणाला. "मी त्याला एवढ्या आनंदात कधी भेटलोच नव्हतो."

मी उठून बिस्किटांकडे गेले.

पुढच्या रविवारचं चर्चमध्ये ठरलं होतं. मामीच्या आवाजाबद्दल सकाळच्या उपासनेत उपकारस्तुती, आणि नंतर सगळ्या मंडळीला चहा-पाव. पाव अर्थातच आमचे. मामीनं शनिवारीच बजावलं, "अहो, काळे पाव घेऊन मी चर्चची पायरी चढणार नाही. सांगून ठेवते. माझ्या आवाजाची स्तुती आणि पोटात कोळसा?"

मीही मामाच्या मागे लागले. म्हटलं, एकच दिवस. पाहुणे आहेत. उरलेलं तू चर्चमध्ये म्हण की.

रविवारी पहाटे त्यानं टोपी काढली. नेहमीची सगळी माणसं झाली. मग तो अडखळला. एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मी टोपली पुढे केली. दाढ उपटून घेताना माणूस करतो तसं तोंड करून तो म्हणाला, "आवाजाबद्दल उपकार. बाकी तुला ठाऊक आहे. आमेन."

दार उघडलं आणि काय सांगू! कित्येक दिवसांनी पाव पावासारखे दिसले. मी एकाचा मुकाच घेतला.

चर्चमध्ये मामीनं जी गाणी म्हटली, त्यात बाकीच्यांनी नुसतं तोंड हलवलं असतं तरी चाललं असतं. प्रत्येक कडवं पूर्ण. पेटीवाला मागे पडला, मामी त्याच्यासाठी थांबली नाही. मग चहाच्या वेळी एकेका बाईला गाठून गाठीपासून फडक्यापर्यंतची सगळी हकीकत, दर वेळी पहिल्यापासून. पाव सगळे संपले. वसतिगृहाचा आचारी चार खाऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्यापासून नेहमीसारखे पाठवा."

माझा जीव भांड्यात पडला. तो पुरता पडलाही नव्हता, तोच संध्याकाळी मामीनं जिन्यावरून हाक मारली, "अहो, दि..." आणि पुढं नुसती हवा. पुन्हा तोंड उघडलं. काही नाही. हातानं गळा धरून ती पायरीवर बसली.

मामा पांढराफटक. पिठानं नव्हे.

"ताई, बघितलंस?"

"अरे, ती सकाळपासून ओरडतेय! दगडाचाही घसा बसेल!"

डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाणी किती म्हटली ते विचारलं, हसल्या आणि म्हणाल्या, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, आणि काही दिवस तोंड बंद. तेवढंच." मी ते मामाला दोनदा सांगितलं. त्यानं मान खाली-वर केली, पण ऐकलं नाही हे मला कळत होतं. तो आतल्या आत हिशोब घालत होता, सकाळी किती कमी पडलं आणि संध्याकाळी किती गेलं.

दुसऱ्या पहाटे तो भट्टीसमोर उभा राहिला तो खांदे पाडून. नेहमीची माणसं भराभर उरकली आणि मग सुरू झाला. पण आता आनंदाचं काही नव्हतं. "देवबापा, काल मी आटपलं. पाहुण्यांसाठी आटपलं. चुकलो. आज सगळं म्हणतो. डॉक्टरबाईंच्या हातांबद्दल उपकार, त्यांच्या आईबद्दल..." एखाद्या पोरानं छडीच्या धाकानं पाढे म्हणावेत तसं तो म्हणत होता. इतके दिवस मला त्या लांबणीचा राग यायचा, त्या दिवशी मला रडू आलं.

धुराची पहिली रेघ निघाली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. मामी खाली येत होती. पाव निघायच्या आधी बेकरीत मामी, हे मी लग्न होऊन ती आल्यापासून बघितलं नव्हतं. अंगावर शाल, केस मोकळे, चेहरा झोपेनं सुजलेला. ती सरळ मामाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि कोपरानं त्याला ढोसलं.

मामानं डोळे उघडले. प्रार्थनेच्या मधेच.

"सरका थोडं," ती म्हणाली. आवाज कसला, केरसुणी फिरवल्यासारखी नुसती सळसळ. मला कान टवकारावे लागले. "आज मी म्हणते."

तिनं डोळे मिटले.

"देवबापा, मी आहे. वरच्या मजल्यावरची. आज खाली आलेय. आवाज दिलास, उपकार. पण आवाज नव्हता तेव्हाचे उपकार मानायचे राहिलेत, ते आज मानते. हा माणूस इतकी वर्षं मला 'हो' आणि 'बरं' एवढंच म्हणत आला. मी बोलूच दिलं नाही म्हण. माझा आवाज गेला, तसा हा रोज दुपारी माझ्या उशाशी येऊन बसायला लागला. आणि बोलायला लागला, बाप रे! लहानपणी विहिरीत पडला होता ते सांगितलं. वडिलांनी पहिल्यांदा फळी हातात कशी दिली ते सांगितलं. मला बघायला आला तेव्हा माझ्या आवाजाला घाबरून परत जाणार होता, तेही सांगितलं. माझा आवाज असता तर या शेवटच्यावर मी त्याला तिथेच गप्प केलं असतं आणि पुढचं मला कळलंच नसतं. पुढं तो म्हणाला, की परत गेलो नाही हे बरं झालं. तेव्हा देवबापा, आवाज ठेव नाहीतर ने, तुझं तू बघ. मी दोन्हीकडून सुखात आहे. तेवढं याच्या डोक्यात घाल, माझं हा ऐकत नाही."

मी तोंडाला पदर लावला होता. दुपारी वर कुजबुज असायची, ती मला ऐकू यायची. मला वाटायचं, हा तिच्या उशाशी बसून प्रार्थना करतोय.

मामीनं डोळे मिटलेलेच ठेवून नाक वर केलं. दोनदा हुंगलं. "आणि आता पाव झाले. थोडे जास्तच झाले. आमेन."

मामाचा हात दारापर्यंत गेला आणि थांबला. "माझं अजून व्हायचंय," तो बारीक आवाजात म्हणाला.

"मग म्हणा की नंतर. देव कुठं पळून जातोय? तो काही भट्टीत नाहीये. भट्टीत पाव आहेत."

"आणि हा आवाज आलाच नाही तर?"

"तर तुम्ही बोला, मी ऐकते," मामी सळसळली. "बघू कोण आधी कंटाळतं."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग भट्टीकडे वळला. मला वाटलं, आता हा पुन्हा डोळे मिटणार आणि डॉक्टरबाईंची आजी पुन्हा येणार. त्यानं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी, अगदी हळू, गिऱ्हाइकाशी बोलतो तितक्या हळू म्हणाला, "आमेन." आणि दार ओढलं.

पुढची रांग छान होती. मागची काळी. मामी खाली येण्याआधी तो एकटाच जे लांबवत होता, त्यात विस्तवाजवळची ही मागची रांग गेली.

मंगळवारी मामीचा आवाज तसाच बसलेला, आणि ती वर घोरत पडलेली. मामा भट्टीसमोर एकटा. मी टोपली घेऊन मागे. घर झालं, आजारी झाले, त्यात मामीही झाली. शिवणवाली आणि तिची जाऊ झाल्या. मग तो म्हणाला, "आनंदाचं पुष्कळ आहे, देवबापा. ते दुकान उघडल्यावर म्हणतो. आमेन." आणि दार ओढलं, मामीचा घसा अजून बसलेला असतानाही. पत्रा न् पत्रा तांबूस निघाला.

तेव्हापासून आमच्याकडे पाव करपत नाही. पण एक नवीन दुखणं झालंय. उरलेलं सगळं तो गल्ल्यापाशी उभा राहून म्हणतो, डोळे उघडे ठेवून, गिऱ्हाइकाच्या हातात पाव देता देता. जन्मभर मान हलवणारा माझा भाऊ आता रंगाऱ्याचा पाव कागदात बांधताना देवाला सांगतो, काल मामी गुळण्या करताना हसली आणि पाणी नाकातून आलं, त्याबद्दल उपकार. रंगारी हात पुढे करून ताटकळत उभा. त्याच्यामागे आचारी. त्याच्यामागे शिवणवाली.

"मामा," ती परवा म्हणाली, "पूर्वी तुमचे पाव करपायचे, आता उन्हात मी करपतेय. आवरा की!"

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. पुरता सुटलेला नव्हता, कर्रर्र होत होता, पण होता. "अहो! गिऱ्हाईक उभं आहे तिथं, आणि तुम्ही कुणाशी बोलताय?"

मामा थबकला. मला वाटलं, आता हा दुकान बंद करून गुडघ्यावर बसणार. त्यानं जिन्याकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, शिवणवालीच्या पिशवीत पाव ठेवले.

"तुझ्याबद्दलच चाललंय गं," तो वर ओरडला. "तू ये खाली, तुलाही सांगतो."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला, किती देऊ?"